भरली कळशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि नवऱ्यापासून मी लपवलेलं असं दुसरं काही नाही. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच.

पंचावन्न साल असावं. आम्ही ठाण्यात टेंभी नाक्याजवळ राहत होतो. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, टाके काढून मी घरी आले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे चूल आणि पाणी दोन्ही माझ्या नणंदेवर, कुसुमवर पडलं. सोळा वर्षांची पोर. महिन्यावर तिची सातवीची फायनल परीक्षा आली होती; पास झाली असती तर शाळेत मास्तरीण म्हणून लागली असती. सासूबाईंनी सांगून टाकलं, "वहिनीला भरली कळशी उचलवली की तू मोकळी."

झालं — माझ्या तब्येतीचं माप ठरलं.

तोवरचं एकेक पाऊल कुसुमच मोजायची. मी भिंत धरून ओटीपर्यंत गेले, तर तिला कोण आनंद. माझी वेणी मी घातली, तर ती शेजारी सांगून आली. मऊ भात सुटून पोळी खाल्ली त्या दिवशी तिने तूप जरा जास्तच वाढलं. चुलीपुढे भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवून ती पोळ्या लाटायची. पानांना पीठ लागायचं.

आणि मी? लग्नाला सात वर्षं झाली होती, दुपारी पाठ टेकणं माहीत नव्हतं. आता आयतं ताट समोर येत होतं. कुणाला नको असतं हो ते? — पण नाही, ही मी स्वतःची सोडवणूक करतेय. खरं म्हणजे तिची पुस्तकं मला बघवत नव्हती. मला चौथीतून काढलं होतं. ही शिकवायला जाणार आणि मी हिचा डबा भरणार? जिने माझं अंग पुसलं, केस विंचरले, तिच्याबद्दल हे माझ्या मनात.

परीक्षेला आठ दिवस राहिले होते. दुपारी सासूबाई काठी टेकत शेजारच्या देवळात कीर्तनाला गेल्या, कुसुम दळण आणायला. मी विहिरीवर गेले. पोहऱ्याने कळशी भरली, कमरेवर घेतली आणि मोरीपर्यंत चालत आले. साधी कळही आली नाही. तिथेच उभी राहिले — किती वेळ, देव जाणे. मग ते पाणी अळवात ओतलं, कळशी पुसून कोरडी केली, जागेवर ठेवली आणि अंथरुणावर जाऊन पडले.

संध्याकाळी कुसुमने भीत भीत विचारलं, "वहिनी, आज बघता का उचलून?"

मी पोटावर हात ठेवला. "नाही हो वन्सं, अजून ओढ बसते."

तिने माझ्या पाठीशी उशी सारली. "राहू दे मग. परीक्षा काय, पुढच्या वर्षी देईन."

परीक्षा संपून चार दिवस झाल्यावर मी कळशी उचलली. त्या दिवशी कुसुमने मला पाटावर बसवून ओवाळलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, ती कल्याणला गेली. शाळेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता तिला नाती आहेत. त्यांना ती कौतुकाने सांगते, माझी परीक्षा बुडाली, पण आमची वहिनी वाचली. मी तिथेच बसलेली असते. आणि मी मान हलवते.