सकूने आणलेली सहदेवी

पोशेऱ्याच्या त्या पाड्यावर कुणाला ताप भरला की पहिली हाक सकूला जायची, दुसरी देवाला, आणि दोघांनीही हात टेकले की मोखाड्याच्या दवाखान्याला. हा क्रम लोकांनी लावलेला होता. सकूला तो बिलकूल पसंत नव्हता, आणि ती ते तोंडावर सांगायची.

सकूला स्वतःची वीतभर जमीन नाही. उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात लावणी, बेणणी आणि कापणी करण्यात गेला. पण बेणता बेणता हाताला कामाचं झाड लागलं, की ते बांधावर न जाता तिच्या पदरात जायचं. शेताचे मालक चेष्टेनं म्हणायचे, सकू आमचं तण काढते आणि आपलं दुकान भरते. दुकान कसलं डोंबलाचं! कुणाकडून तिनं कधी काही घेतलं नाही, फार तर घोटभर कोरा चहा. साध्या तापाला ती सहदेवी द्यायची. मुळी धुवायची आणि दोऱ्यानं पोराच्या केसांत बांधायची. आणि बांधायच्या आधी डोळ्याखालची पापणी ओढून बघायचीच बघायची. पिवळं दिसलं तर मुळी परत पदरात. "ही कावीळ हाय. माझा पाला नाय चालायचा. मोखाड्याची जीप गाठ." मग समोरचा कितीही पाया पडो, सकू बधायची नाही. म्हणूनच तर तिच्या शब्दाला वजन होतं.

यंदा भात झोडून झालं आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्या लेकीची लेक, प्रतिक्षा, जव्हारहून आली. पोरगी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. रानातली झाडं कागदात दाबून, वाळवून, नावानिशी कॉलेजात द्यायची होती. आजी घरात असताना रान तुडवायला कोण जातं? तिनं फर्मान सोडलं, "आजी, मला सहदेवी आणून दे."

सकू सकाळीच माळावर गेली आणि जुडी घेऊन आली. ओट्यावर जुडी टाकून ऐटीत बसली. प्रतिक्षानं एक बोंड चिमटीत धरलं, भिंग डोळ्याला लावलं, बोंड नखानं फोडलं आणि परत बघितलं.

"आजी, ही सहदेवी नाही."

"दोन बुकं शिकली नि आजीला शिकवते!" सकू हसली. "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून उपटतेय मी ती."

"अगं, सहदेवीच्या फुलात नुसत्या जांभळ्या नळ्या असतात. याला बघ, भोवती पांढऱ्या तंतूंची बारीक झालर आहे, मध्ये पिवळट. पानं अरुंद, बुडापासून शेंड्यापर्यंत दाट, आणि हाताला खरबरीत. हे बाहेरच्या देशातून आलेलं तण आहे, आजी."

खरबरीत पान सकूच्या बोटांनाही जाणवलं होतं. माळाची जमीन कोरडी, त्यानं झालं असेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. "उन्हानं रंग उडाला आसल," ती म्हणाली, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

प्रतिक्षा घरामागच्या बांधावर गेली आणि खरी सहदेवी घेऊन आली. दोन्ही काड्या तिनं आजीच्या हातात दिल्या. "ही जांभळी आणि ही पांढरी. आता बोल."

सकूनं काड्या डोळ्यांजवळ नेल्या, लांब धरल्या, ओट्यावरून उतरून उन्हात धरल्या. दोन्ही सारख्याच. दोन्ही मळकट. तिला वाटलं, पोरगी मस्करी करतेय. तिनं वर बघितलं तर पोरगी हसत नव्हती.

"आजी, माझी ओढणी कुठल्या रंगाची आहे?"

"पिवळी. हळदीची."

प्रतिक्षाचा हात तोंडावर गेला. "पांढरी आहे गं. दुधासारखी पांढरी. तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय!"

सकू तिथेच अंगणात बसली. म्हातारपणी डोळे जायचेच, त्याचं तिला एवढं वाटलं नाही. तिला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीनं. पांढरं जर तिला पिवळं दिसत होतं, तर पिवळं कसं दिसत होतं? गेल्या वर्षभरात तिला एकाही पोराला कावीळ सापडली नव्हती. ती खूश होती, टाकीच्या पाण्यात औषध टाकतात त्याचा गुण आला म्हणून. सगळ्यांचेच डोळे आताशा एकसारखे दिसायचे, आणि ते तसेच असतात असं ती धरून चालली होती. अरे देवा! आणि कालच तिनं देवरामच्या टीनाची पापणी ओढून पाहिली होती.

"उठव मना," ती ओरडली. "देवरामकडं चल!"

देवरामचं घर ओहळापलीकडे. तो ठाण्याला इमारतीच्या कामावर, घरी बायको चंद्रा आणि सहा वर्षांची टीना. सकू नातीचा हात धरून ओहळ उतरली, दगडावर पाय घसरला तरी थांबली नाही. दारात चंद्रा भांडी घासत होती.

"पोर कशी हाय?"

"तशीच पडलेली. काय खात नाय, ओकारी काढते."

प्रतिक्षा आत गेली. टीनाच्या केसांत मुळी बांधलेली होती. तिनं पोरीला दाराच्या उजेडात आणलं, पापणी खाली ओढली आणि आजीकडे पाहिलं.

"सांग!" सकू म्हणाली.

"पिवळेधमक आहेत, आजी."

चंद्राच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती एकदा पोरीच्या डोळ्यांकडे, एकदा सकूच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मना कालच पिवळं वाटलेलं," ती म्हणाली. "मी जीपपर्यंत गेलेली पोरीला घेऊन. मग म्हटलं, सकू आजीनं पाहलंय, ती साधा ताप बोललीय. मी परत आली."