पैलवानाच्या डोक्यावरची चांदी

कॉम्प्युटर खोलून परत बंद केला की दोन-तीन स्क्रू उरतातच. कुठले ते कळत नाही, मशीन त्यांच्यावाचून झकास चालतं आणि टाकून देववत तर मुळीच नाहीत. माझ्या दुकानात असल्या स्क्रूंनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा गच्च भरलाय. आमचे किस्सेही तसेच साठलेत. एक काढायला हात घालावा तर हाताला दहा लागतात!

दुकान म्हणजे उचगावातलं माझं कॉम्प्युटर रिपेरीचं. आता येतात ते लॅपटॉप आणि त्यांचे फुटके स्क्रीन. पण मागच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप ठाण मांडून बसलाय. त्याचं नाव पैलवान. तो आम्ही चौघांनी सुटे पार्ट गोळा करून जोडला. मी, सुध्या, मिलिंद आणि राजू, कॉलेजात एकाच बाकावरचे. सुध्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत भट्टीवर असतो. मिलिंद कांबळे पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाही. राजू हुपरीचा. घरात पैंजणं करायचा धंदा, बोलणं कमी, हात भारी.

दर रविवारी चौघं जमायचो. बायका म्हणायच्या, "त्या मशीनशीच लगीन लावायचं हुतं की!"

*

पैलवान पहिल्यांदा चालू केला तो दिवस अजून आठवतो. नारळ फोडला, उदबत्ती लावली, सुध्यानं छाती फुगवून बटण दाबलं. काहीच नाही! पंखा अर्धा फेरा फिरला आणि गप्प.

रॅम काढून पुसली, परत लावली. वायरी बदलल्या. पॉवर सप्लाय दुसरा आणला. संध्याकाळपर्यंत एकमेकांची अक्कल काढून झाली. शेवटी मिलिंद मदरबोर्ड बाहेर काढायला बसला, तर स्क्रू हलेनात.

"कुणी आवळलेत रे हे?"

"मी," सुध्या अभिमानानं म्हणाला. "फौंड्रीत नट ढिला र्‍हायला तर माणूस जातंय!"

बोर्ड निघाला आणि मिलिंदनं कपाळावर हात मारला. मदरबोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून त्याच्याखाली पितळेचे छोटे छोटे पाय बसवतात. ते बसवलेच नव्हते! बोर्ड थेट पत्र्यावर, जिथं तिथं शॉर्ट. आम्ही सगळी खोली धुंडाळली, खोकी उलटी केली, पाय सापडेनात.

सुध्यानं हळूच खिशात हात घातला आणि पुडी टेबलावर ठेवली. "मला वाटलं, एक्स्ट्रा दिल्यात!"

*

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, हे आमच्या घरच्यांना कधी कळलं नाही. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, त्यासाठी त्याला व्होल्टेज थोडं वाढवून द्यायचं, एवढंच. सुध्या त्याला खुराक म्हणायचा. "आज खुराक वाढवूया" म्हटलं की मिलिंद देवापुढं जोडतात तसे हात जोडायचा.

प्रोसेसरच्या खोक्यावर लिहिलेला वेग तीन गिगाहर्ट्झच्याही आतला. आम्ही वाढवत वाढवत चारच्या उंबऱ्यापर्यंत नेला होता. पण चार टाकलं की स्क्रीन काळा! मग बोर्डावरचा बटणासारखा छोटा सेल काढायचा, जरा वेळ थांबायचं, परत लावायचा. त्यानं बोर्ड आपलं सगळं सेटिंग विसरतो आणि मुकाट्यानं चालू होतो.

एका रविवारी असाच सेल काढून बसलो होतो. तेवढ्यात सुध्याच्या बायकोचा फोन आला, स्पीकरवर. "आज काय हाय, ध्येनात हाय का?"

सुध्या आठवतोय, आठवतोय... काही आठवेना. लग्नाचा वाढदिवस!

मिलिंद, हा आमचा शांत, सभ्य मिलिंद, फोनकडं वाकून म्हणाला, "वहिनी, रागावू नका. त्याचा सेल काढलाय!"

*

मधे पैलवानाला एक रोग जडला. चालता चालता मधेच बंद पडायचा आणि आपोआप परत सुरू व्हायचा. मिलिंदनं एकेक पार्ट बदलून बघितला. मी विंडोज नवीन टाकली. सुध्या म्हणाला, दृष्ट लागलीय, आणि खरोखर लिंबू-मिरची आणून कॅबिनेटला बांधली. आयला, तरी काही फरक नाही!

मग एकदा राजू, जो आठवड्याला चार वाक्यं बोलतो, म्हणाला, "बंद पडतंय तवा शेजारनं घर्रर्र आवाज येतोय."

शेजारी दादूमामांची पिठाची गिरणी. त्यांनी मोटर चालू केली की लाइन खाली जायची आणि पैलवान आडवा. आम्ही मामांकडं तक्रार घेऊन गेलो, तर मामाच उखडले. "मी म्हंतो, माझ्या मोटरीला काय झालंय! तुमचं ते धूड चालू झालं की ती दम टाकती!"

शेवटी तह झाला. त्या दिवसापासून मामा मोटर चालू करायच्या आधी भिंतीवर दोनदा थापटतात आणि ओरडतात, "पैलवान, बसा खाली!" आम्ही लगेच मशीन बंद करतो. अजूनही. गिऱ्हाईक दचकतं, आम्हाला आता काही वाटत नाही.

*

चारवर जायला अडचण एकच होती, ताप. प्रोसेसर एवढा तापायचा की बोर्ड घाबरून स्वतःच बंद व्हायचा. सुध्यानं फौंड्रीच्या भंगारातला ब्लोअर आणला. चालू केला मात्र, माझी सगळी बिलं उडाली, भिंतीवरचं कॅलेंडर उडालं आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाची टोपी थेट गटारात!

तेव्हा राजू म्हणाला, "चांदीचा पत्रा घालूया मधी."

मिलिंदनं मान डोलावली. चांदी तांब्यापेक्षाही भराभर उष्णता वाहून नेते, हे खरं. प्रोसेसरच्या डोक्यावर त्याचा ताप ओढून घेणारा कूलर बसतो; आमच्या कूलरचं बूड खडबडीत होतं, प्रोसेसरवर नीट टेकत नव्हतं. मधे चांदीचा गुळगुळीत पत्रा बसला तर काम होणार होतं.

पुढच्या रविवारी राजूनं रुमालात गुंडाळून पत्रा आणला. काय सांगू! आरशासारखा. त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. बसवला आणि पैलवानाचा ताप खाली आला की! सुध्या नाचला. "नाद खुळा, राजा, नाद खुळा!"

"चांदी कुठली रे?" मी विचारलं.

राजू खाली बघत म्हणाला, "घरात लगडीचा तुकडा पडून हुता."

तो तुकडा कसला, ते त्याच्या पुढच्या रविवारी कळलं. हुपरीच्या एसटीतनं उतरून राजूची आई दुकानात आली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आल्या आल्या तिनं पदर खोचला.

"कुठं हाय ते मशीन? लेकराच्या पायात घालायची चांदी मशीनच्या टाळक्यावर ठिवली व्हय रं मुडद्यांनो!"

राजूचे वडील जायच्या आधी तो तुकडा बाजूला ठेवून गेले होते, पहिल्या नातवंडाच्या वाळ्यांसाठी. राजूच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले. मधे एकदा गोड बातमी आली आणि मोडली. त्यानंतर त्या घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. पडून हुता म्हणताना राजू खाली का बघत होता, ते मला तेव्हा कळलं.

मिलिंदनं स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि कूलर काढायला लागला. आक्का त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "र्‍हाऊ दे. कपाटात काळी पडत हुती. हितं निदान चार माणसं तिच्याकडं बघत्यात. पर ती माझ्या नातवंडाची हाय. इसरायचं न्हाय!"

"न्हाय आक्का," आम्ही चौघं एका सुरात. शाळेत पाढे म्हटल्यासारखं.

*

तेव्हापासून आक्काचा फोन दर महिन्याला. दुकानाची चौकशी नाही, आमची नाही. "माझी चांदी बरी हाय का?"

"बरी हाय आक्का. थंड हाय."

कधी बाजाराला कोल्हापूरला आली तर उतरायची. मागच्या खोलीत जाऊन कॅबिनेटवर हात ठेवायची, पोराचं अंग तापलंय का बघतात तसा. एकदा सुध्याला म्हणाली, "ह्याला लई पळवू नगा रं. दमंल."

खुराक कमी कर म्हणून मिलिंद वर्षानुवर्षं घसा कोरडा करत होता. सुध्यानं ऐकलं ते आक्काचं! त्या महिन्यात पैलवानाला पूर्ण सुट्टी.

दर दिवाळीच्या आधी आम्ही पैलवान खोलून साफ करतो. धूळ काढायची, उष्णता नीट वाहावी म्हणून प्रोसेसरवर लावलेली जुनी पेस्ट पुसायची. चांदीचा पत्रा राजूच काढायचा, रांगोळीच्या बारीक पुडीनं घासून लख्ख करायचा. आणि परत बसवायचा.  जगात सगळे ओव्हरक्लॉकिंगवाले आपला कूलर टिकावा म्हणून धडपडतात. आम्ही चौघंच असे, की हा पत्रा एकदाचा जावा म्हणून दर दिवाळीला मनात हात जोडायचो.

*

एक पावणं आले होते दुकानात, मोबाईलची काच बदलायला. मागं पैलवान दिसला. हसले. "ह्या डबड्यावर एवढा जीव लावलाय? माझा मोबाईल ह्याच्यापेक्षा फास्ट हाय!"

सुध्या उठला. मला वाटलं, आता होतंय भांडण.

"पावणं," सुध्या अगदी गोडीत म्हणाला, "तुमच्या मोबाईलची चौकशी करायला कुणाची आई एसटीनं येती का?"

पावणं काच न बदलताच गेले.

*

आणि आता हा किस्सा गेल्या थंडीतला.

पैलवान परत आजारी पडला. मिलिंदनं टॉर्च मारून बोर्ड बघितला. वीज साठवणारे डबीसारखे कपॅसिटर फुगले होते, वरनं पुरीसारखे. एवढा जुना बोर्ड आता मिळतो कुठं? मिलिंदनं नवे कपॅसिटर शोधून आणले आणि राजूनं ते बसवले. पैंजणाची बारीक झाळ मारणारा हात तो, एक थेंब इकडंतिकडं नाही. पैलवान उठला, पहिल्यापेक्षा तगडा!

पण त्यानंतर राजू यायचा बंद झाला. फोन केला की, "घरात काम हाय." आक्काचाही चांदीचा फोन बंद. मला आतनं भीती वाटत होती, पण विचारायचं धाडस कुणाला होईना. मागचं सगळ्यांना आठवत होतं.

सुध्या मात्र पेटला होता. नवे कपॅसिटर, थंडीचे दिवस, चांदीचा पत्रा. "आता न्हाई तर कवाच न्हाई!" चार गिगाहर्ट्झवर टेस्ट लावायची, ती न अडखळता शेवटापर्यंत गेली की जिंकलो. त्यासाठी सुध्यानं रजा काढली. दादूमामांनी तर कमाल केली, गिरणीच बंद ठेवली! दारात बायका डबे घेऊन उभ्या आणि मामा त्यांना सांगतायत, "आज दळण न्हाय! आज पैलवानाची कुस्ती हाय!"

सकाळी टेस्ट लावली. दुपार झाली. स्क्रीनवरची पट्टी सरकतेय, सरकतेय. मिलिंद तापमान वाचतोय. सुध्यानं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, हललो तर बंद पडेल म्हणून. पट्टी शेवटाला आली, बोटाएवढी उरली. एवढी वर्षं जो स्क्रीन काळा पडायचा, तो आज पडला नव्हता. सुध्याचे डोळे भरून आले होते, खोटं नाही सांगत.

बाहेर मोटरसायकल थांबली. मामांचा आवाज आला, "आरं थांब, आत जायचं न्हाय आज!"

राजू आत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालवर लागलेली. आमच्याकडं बघितलं नाही की स्क्रीनकडं बघितलं नाही. सरळ भिंतीपाशी गेला आणि पैलवानाचा प्लग उपटला.

स्क्रीन काळा!

 सुध्या सावकाश उठला. मी मधे पडायच्या तयारीत.

राजू म्हणाला, "चांदी न्यायला आलोय. आक्कानं धाडलंय, वाळं करायला."

सुध्या त्याच्याकडं बघत राहिला. मग माझ्या अंगावर खेकसला, "बघत काय बसलाईस? स्क्रू ड्रायव्हर दे की!" स्वतःच खाली बसला, कूलरचे स्क्रू काढले आणि पत्रा मोकळा केला. राजूनं तळहात पुढं केला.

"थांब लेका," सुध्या म्हणाला, "सकाळपास्नं पळालाय, चटका बसंल."

"बसू दे."