रकाना रिकामा नको

तहसील कार्यालयात बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे कुणाचाही फॉर्म दिसला की माझा हात पेनाकडे जातो. मालगुंडच्या आमच्या वाडीत रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत सगळ्यांचे अर्ज मीच भरले. खाडाखोड नाही आणि रिकामा रकाना तर मुळीच नाही. लिहिण्यासारखं काही नसेल तर तिथे ‘निरंक’ लिहायचं, ही आमच्या खात्याची रीत.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं बोटीवर होता. मागच्या वर्षी कायमचा घरी आला आणि दिवसभर अंगणाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यावर बसून राहायला लागला. बांगड्याचं कालवण केलं तरी ताट तसंच. आयतं खाऊन माणूस सुस्तावतो, असं मी त्याला तोंडावर म्हणाले. त्याची लाज मला अजून वाटते. शेवटी भावजय रडकुंडीला आली, तेव्हा त्याला घेऊन रत्नागिरी गाठली.

मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या आधी एका समुपदेशक मुलीने कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप आली नाही, छातीत धडधडलं, असे प्रश्न. पुढे ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत चार रकाने. भावाने सवयीने कागद माझ्याकडे सरकवला आणि मी सवयीने भरला. बाहेर आमच्या गावातलेच दोघे बसले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात केल्या. तळाशी ‘इतर काही’ होतं, तिथे सुवाच्य अक्षरात ‘निरंक’.

मुलीने बेरीज केली, ती शून्य आली. या कागदाप्रमाणे यांना काहीच होत नाही, मग यांना आणलंत कशाला, असं तिने शांतपणे विचारलं. तिने भावाला नवा कागद दिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बत्तीस वर्षांत मला कुणी फॉर्मापासून उठवलं नव्हतं. मी बाकावर धुमसत बसले.

भाऊ कागद घेऊन बाहेर आला. जवळजवळ सगळ्या खुणा शेवटच्या रकान्यात होत्या.

“ताय, तू माझं सगळं चांगलंच लिहिलंस,” तो म्हणाला. “पण खरं नव्हतं गो.”

गावातल्या त्या दोघांसमोरच मी रडले.

औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. महिन्याला एकदा तोच कागद. आकडा म्हणजे आजार नव्हे, माणूस कुठल्या दिशेने चाललाय एवढंच त्यातून कळतं, असं ती मुलगी सांगायची. खुणा हळूहळू डावीकडे सरकल्या. मध्ये एकदा पुन्हा उजवीकडे गेल्या, तेव्हा माझा धीर सुटला, त्याचा नाही. हल्ली तो स्वतः मासळी आणतो आणि कोळणीशी दरावरून हुज्जत घालतो.

निवृत्त झाल्यापासून मला दुपार खायला उठते, हे मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा रत्नागिरीहून येताना त्याने एक कोरा कागद जास्तीचा मागून आणला आणि माझ्यासमोर ठेवला.

“हा तुझा,” म्हणाला, आणि बाहेर गडग्यावर जाऊन बसला.

पेन आपसूक पहिल्या रकान्यावर गेलं. मी ते उचललं आणि तिसऱ्यात खूण केली.