त्रेचाळीस बिया

रोपवाटिकेत तिला सगळेच मावशी म्हणत. समोरच्या टेकडीवरचं जंगल ज्या टोळीनं तोडलं, त्या टोळीत तिचा नवरा करवत ओढायचा. "त्यानं फाडलं, मी ठिगळं लावतेय," असं ती हसत सांगे. तीस वर्षांत तिच्या हातची लाखभर रोपं त्या बोडक्या टेकडीवर गेली होती.

एका जातीचं मात्र एकच झाड उरलं होतं. खोड पोकळ, म्हणून करवतीतून सुटलेलं. त्याची फळं गिळून बी लांब टाकणारा पक्षी कधीचाच दिसेनासा झाला होता. खाली पडेल ते उंदीर फस्त करत. सात वर्षांनी ते झाड फळलं. मावशी तीन दिवस उजाडल्यापासून झाडाखाली बसली आणि उंदरांच्या आधी तिनं त्रेचाळीस बिया वेचल्या.

रोपवाटिकेचे साहेब आठवडाभर बाहेरगावी होते. "फोन करून विचारायचं का?" माळी म्हणाला.

"बी वाळवायला साहेब कशाला लागतोय? तू आपला झाडू मार."

तिनं बिया धुतल्या, पत्र्यावर कडक वाळवल्या आणि डब्यात भरल्या.

साहेबांनी आल्यावर डबा हलवला. बिया खुळखुळल्या, तसा त्यांचा चेहरा उतरला.

"मावशी, ही जात ओलीच पेरायची असते. वाळली की मरते."

"बी कुठं वाळून मरतं?"

"हे मरतं."

तरी तिनं त्रेचाळीस पिशव्या भरल्या. तीन महिने पाणी घातलं. कोंब आला नाही. मध्येच एका वादळात ते पोकळ झाड मुळासकट आडवं झालं. माळी सांगत आला, तेव्हा ती पिशव्यांना पाणीच घालत होती. घालतच राहिली.

पिशव्या रिकाम्या करायची वेळ आली, तेव्हा तिनं कुणाला हात लावू दिला नाही. एकेक बी काढून नखानं फोडलं. आत काळी भुकटी. त्रेचाळिसाव्या बीलाही तिनं तितक्याच आशेनं नख लावलं.

तिला कुणीच रागावलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

पुढच्या हंगामात कुंपणाच्या झाडाचं पोतंभर बी आलं. ते तर ती लग्नाआधीपासून पेरत आलेली. त्यातलं मूठभर घेऊन ती साहेबांच्या टेबलापाशी गेली.

"हे वाळवायचं, की ओलंच ठेवायचं?"

माळी फिस्सकन हसला. साहेब म्हणाले, "मावशी, हे तर तुम्हीच मला शिकवलंत."

"तरी एकदा तुमच्या वरच्या साहेबांना फोन करून विचारा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. तोवर मावशी मूठ मिटून उभीच होती.