राखेत निवलेले हात

शैलश्रीची बग्गी ओढ्यात मोडल्याची बातमी सुधारानीला कळायच्या आधी अर्ध्या हुलसूरला कळली होती. लेक दवाखान्यातून डावा हात गळ्यात बांधून घरी आली, तेव्हा शेजारची कमलम्मा ओट्यावर ठाण मांडून बसलेलीच होती.

“हात मोडून घेतला म्हणं पोरीनं. सुधारानी, कसं गं बघवायलंय तुला?”

“माझा मोडला न्हाई मावशी, हाड नुसतं चिरलंय,” शैलश्री म्हणाली. “मोडला तो गाडीचा.”

गाडीचा हात म्हणजे काय, हे सुधारानीला गेल्या वर्षभरात नको तितकं कळलं होतं. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारा, खड्ड्यात चाकासोबत वरखाली होणारा लोखंडी तिकोना. तो तुटला की चाक निखळतं, आणि आत बसलेल्याचं नशीब ज्याच्या त्याच्या कपाळावर.

नवऱ्याचं, प्रभुलिंगचं, वेल्डिंगचं दुकान भालकी रस्त्यावर, घराला लागूनच. ट्रॉल्या, दारं, खिडक्या. शैलश्री डिप्लोमा करून परत आली तेव्हा ती गल्ल्यावर बसेल असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी बापाचे हातमोजे चढवले. पुढं एका मोडीत निघालेल्या कारचं इंजिन आणलं, पाइपांचा पिंजरा बांधून उघडी बग्गी केली आणि जाहीर केलं की जत्रेच्या दिवशी मुरमाच्या जुन्या खाणीत पोरांच्या गाड्या धावतात, तिथं आपलीही धावणार. पोरं गाडीचे हात शहरातून तयार आणायची. हिनं घरी केले. आणि जत्रेला महिना उरला असताना ओढ्यातल्या पहिल्याच दगडावर त्यातला एक तुटला.

“उद्या गाडीच कापून भंगारात घालतो,” प्रभुलिंगनं गॅसचं कटर बाहेर काढून ठेवलं.

सुधारानीनं मनातल्या मनात बसवण्णाला हात जोडले. तिला एवढंच हवं होतं. बी.ए.पर्यंत शिकलेल्या बाईनं लेकीचे पंख कापू नयेत, हे तिलाही कळत होतं. पण दवाखान्यातला तो फोटो, त्यातली हाडावरची बारीक काळी रेघ, डोळे मिटले तरी दिसत होती.

शैलश्री तुटलेला तुकडा एका हातानं उचलून बापासमोर घेऊन आली.

“पाइप कुठं वाकलाय का बघा, अप्पा.”

“कशाला वाकंल? बोअरच्या गाडीची रॉड हाय ती. खडकात उतरणारी. तुझं वेल्डिंग सुटलंय.”

“वेल्डिंग जागच्या जागी हाय. तुटलंय त्याच्या शेजारी. काचेसारखं. तुम्ही त्याच्यावर पाणी मारलं होतं.”

प्रभुलिंगची नजर कोपऱ्यातल्या बादलीकडं गेली. प्रभुलिंगचा बाप भात्यावर फाळ आणि विळे घडवायचा. लाल लोखंड नेमकं कधी पाण्यात बुडवायचं, यात त्याचा हात कोण धरणार? खटकचिंचोळीपासून माणसं विळ्याला पाणी पाजून घ्यायला यायची. भाता गेला, वेल्डिंग आलं. बादली मात्र तिथंच राहिली. ट्रॉलीचा जोड असो की फाटकाचा, ठिणग्या थांबल्या की प्रभुलिंग तांब्याभर पाणी ओतायचा. चर्रर्र आवाज झाला की काम पक्कं, आणि गिऱ्हाइकालाही थांबावं लागत नसे. ट्रॉलीचं लोखंड मऊ, त्याला काही व्हायचं नाही. पण रॉडचं लोखंड विळ्याच्या जातीचं. पाणी पडलं की कडक होणार, आणि कडक झालं की फुटणार.

“माझ्या बापाच्या पाण्याला नाव ठेवायलीस?”

“विळ्याच्या पाण्याला न्हाई ठेवत. पण विळा खड्ड्यात आदळत न्हाई, अप्पा.”

“जास्तीचं बोलायलीस तू.”

“मग तुम्हीच करून बघा की,” सुधारानी मध्येच बोलली. “रॉडचे दोन जोड करा. एकाला पाणी मारा, एकाला नका मारू. कळंल कुणाचं खरंय ते.”

तिला वाटलं होतं, नवऱ्याचंच खरं ठरेल. इतकी वर्षं त्याच्या हातची ट्रॉली कधी परत आली नव्हती. मग लेक गप्प बसेल आणि कटर चालेल.

प्रभुलिंगनं दोन जोड केले. एकावर तांब्या ओतला. दुसरा, “हळूहळू निवू दे,” म्हणत शैलश्रीनं आईच्या चुलीतल्या गरम राखेत पुरला. सकाळी दोन्ही व्हाइसच्या पकडीत आवळले. हातोडा सुधारानीनं स्वतः घेतला. बापलेकीवर तिचा विश्वास नव्हता. दोघंही आपापल्या तुकड्याला जपून मारतील.

पाण्याचा तुकडा तिसऱ्या-चौथ्या घावाला टक्कन उडून दाराबाहेर पडला. राखेतला वाकला. तिनं पदर खोचला आणि आणखी मारलं. मनगटं भरून आली, तरी तो नुसता वाकतच राहिला. हा तुटावा म्हणून ती मारत होती, हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

प्रभुलिंगनं बाहेर पडलेला तुकडा उचलून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. बादली उचलली आणि सगळं पाणी दारातल्या पेरूच्या झाडाला घातलं.

मग नवे हात झाले. शैलश्री रंगाच्या डब्यावर बसून सांगायची, बाप करायचा. आधी रॉड तापवायची, मग जोड, वरून पट्टीचा आधार, आणि लगेच राखेत. सुधारानीच्या एका चुलीची राख पुरेना. ती घमेलं घेऊन गल्लीत फिरली.

“गाडीला अंगारा लावायलाव का गं?” कमलम्मानं विचारलं.

“व्हय. तुमच्या चुलीचा जास्त गुणकारी हाय म्हणं.”

कमलम्मा हसली आणि घमेलं भरून दिलं.

शैलश्रीचा हात गळ्यातून सुटला, आणि चार दिवसांत जत्रा आली. खाणीच्या काठावर ही गर्दी. शर्यत काशप्पाच्या ताब्यात. त्यानं बग्गीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं.

“घरी केलेले हात! प्रभू, उद्या हे तुटले तर तुझ्या ट्रॉल्या कोण घेईल रे?”

“उद्या कशाला? आजच बघ की,” प्रभुलिंग म्हणाला.

“बघतो. पण एकटीला सोडत न्हाई. दोन फेऱ्या, आणि गाडीत दोघं पाहिजेत, नियम हाय. कोण बसायलंय हिच्या शेजारी?”

बसणार होता तिचा मावसभाऊ बसवेश. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. “अक्का, आई नको म्हणायलीय,” एवढं बोलून ते सीटवर ठेवलं आणि गर्दीत शिरला. कुणीतरी शिट्टी मारली. शैलश्रीचा चेहरा दगडासारखा झाला, पण ती स्टिअरिंग सोडून उतरली नाही.

प्रभुलिंग पुढं झाला. त्याच्याआधी सुधारानी पोचली. तिनं पदर कमरेला आवळून खोचला, हेल्मेट उचललं.

“अवो वैनी! तुम्ही?” काशप्पाला हसू आवरेना. “जिवावर उदार झालाव का?”

“भ्यायलेय मी, काशप्पाअण्णा. खोटं कशाला बोलू? पण पाण्याचा तुकडा माझ्या हातानं तुटलाय आणि राखेतला तुटला न्हाई. तुम्ही नुसतं वाकून बघितलंय. मी घाव घालून बघितलंय.”

“अव्वा, उतर,” शैलश्री हळूच म्हणाली.

“गप. पट्टा कसा लावायचा ते सांग.”

गाडी खाणीत उतरली ती पडल्यासारखीच. सुधारानीनं डोळे गच्च मिटून घेतले होते, कान मात्र उघडे. पहिला दगड. धाड! दुसरा. तिची दातखीळ बसली. ती एकाच आवाजाची वाट बघत होती, त्या टक् आवाजाची. चाकं वर गेली, खाली आपटली, पुन्हा वर. इंजिन किंचाळत होतं, मुरूम पिंजऱ्यावर सडसडत होता. टक् काही येईना. शेवटच्या उतारावर तिनं डोळे उघडले. समोर तिच्या बाजूचं चाक एका खडकावर चढत होतं, आणि तो काळा तिकोना त्याला धरून खाली झुकून पुन्हा वर येत होता.

शेवटी गाडी चिखलात रुतून बंद पडली. या फेरीत नंबर कुठला मिळतोय! ट्रॅक्टरनं ओढून वर काढली. काशप्पा मोबाइलचा दिवा लावून बग्गीखाली आडवा झाला. एकेक जोड चाचपून, बोटानं खरवडून बघितला. गर्दी वाकून वाट बघत होती. बऱ्याच वेळानं तो मुरूम झटकत उठला.

“काय, अण्णा?” प्रभुलिंगनं विचारलं.

“नुसता चिखल लागलाय,” काशप्पा म्हणाला.

“मग सरका बाजूला,” सुधारानी आतूनच म्हणाली. तिनं पट्टा पुन्हा आवळला. “अजून एक फेरी हाय न्हवं?”