दिनूकाकांची अमेरिकन शाखा

आम्ही आयरिश नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. एरवी हे कोणाला सांगावं लागत नाही, तोंडाकडे बघितलं की कळतं. पण अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आमच्या घरात आम्ही एका रविवारी जवळजवळ दुपारभर आयरिश होतो, आणि तो सगळा माझा पराक्रम!

आमचं आडनाव काणे. इंग्रजीत लिहिलं की अमेरिकन माणूस त्याचं 'केन' करतो. पस्तीस वर्षांत मला त्याची इतकी सवय झाली आहे की दवाखान्यात कोणी "मिसेस काणे" अशी शुद्ध हाक मारली, तर मी बसूनच राहीन. त्यातून मला नाती जुळवायचं वेड! देवळात नवीन मराठी जोडपं दिसलं की "मूळ गाव कुठलं?" आणि "माहेरचं आडनाव काय?" एवढ्या दोन प्रश्नांत मी त्यांना आमच्या कोणाचे तरी साडू ठरवते. (आमच्या ह्यांना स्वतःचे चुलतभाऊसुद्धा मी ओळख करून दिल्याशिवाय ओळखू येत नाहीत.) त्यामुळे फोनवर एक थरथरता आवाज "मिसेस केन? मला वाटतं आपण नातेवाईक आहोत," असं म्हणाला, तेव्हा 'नाही' म्हणायचं मला सुचलंच नाही.

बाईंचं नाव पेगी केन. राहायला जवळच, वुस्टरला. वय ऐंशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, भाऊ सगळे गेलेले. आसपासच्या झाडून सगळ्या केन मंडळींना त्यांनी फोन लावले होते आणि बहुतेकांनी विक्रेती समजून फोन ठेवून दिला होता.

"मूळ गाव कुठलं तुमचं?" मी पहिला प्रश्न टाकला. (इंग्रजीतच, पण सूर तोच.)

"ओल्ड कंट्रीत, म्हणजे मायदेशी, वेस्ट कोस्टला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र."

"अय्या, आमचंही!"

"तरुण मुलं सगळी बाहेर गेली. आता नुसती म्हातारी माणसं आणि बंद घरं."

"अगदी आमचंच गाव!"

"तुम्ही आमच्या डिनी केनचं नाव ऐकलंय का हो? वडिलांशी भांडून तो बोटीवर चढला आणि..."

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या सासऱ्यांचे चुलते दिनूकाका! तेही वडिलांशी भांडून मुंबईला गेले, बोटीवर नोकरी धरली आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असं सासूबाई सांगायच्या.

"दिनू! अहो, दिनू आमचाच!" मी ओरडले.

पलीकडे बाई रडायला लागल्या. "देवा, मरायच्या आधी एक तरी आपलं माणूस भेटलं," म्हणाल्या. मग मीही रडले. त्यांना रविवारी जेवायला यायचा आग्रह करून मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगितलं, "दिनूकाकांनी अमेरिकेत येऊन मड्डम केली होती! त्यांची नात सापडली!"

"दिनूकाका कोण?" हे म्हणाले.

रविवारी त्यांच्या शेजारणीनं बाईंना आमच्या दारात सोडलं. हातात मनुका घातलेला घरचा ब्रेड. माझी साडी बघून त्या क्षणभर थबकल्या.

"म्हणजे... डिनी इंडियात होता?"

"मग! बोटीवर चढेपर्यंत इंडियातच होता!"

बाईंनी ते मनातल्या मनात कुठेतरी बसवून घेतलं. जेवायला मी मोहरी-मिरचीची फोडणी दिलेली बटाट्याची भाजी केली होती. ती बघून त्या म्हणाल्या, "बटाटे! इतक्या पिढ्या झाल्या, तरी तुम्ही बटाटे विसरला नाहीत!" (बटाटे विसरायचे कसे? आयरिश माणसाचं बटाट्यांवाचून चालत नाही, हे मला तेव्हा कुठे माहीत!) मग त्यांची नजर ह्यांच्याकडे गेली. आमच्या सासरी सगळ्यांचे डोळे घारे. बाईंचेही घारे! त्यांनी ह्यांची हनुवटी धरली आणि त्या हुंदका देऊन म्हणाल्या, "हे डिनीचेच डोळे!" ह्यांच्या तोंडात बटाटा होता, त्यामुळे त्यांना हरकत घेता आली नाही.

तेवढ्यात आमची लेक जिममधून आली. "हाय, आय ॲम ईरा काणे."

बाई मायेनं म्हणाल्या, "हनी, आपलं आडनाव केन."

शाळेपासून दर वर्षी नव्या टीचरला आडनाव शिकवत आलेली मुलगी ती. "नो. इट्स का-णे. व्हेअर इज युअर फॅमिली फ्रॉम?"

"आयर्लंड!"

"आयर्लंड?" मी किंचाळले.

"मग तुम्ही कुठले?"

"गुहागरजवळचे!"

"आई," ईरा म्हणाली, "यू गाईज आर सो नॉट रिलेटेड!"

बाईंनी चमचा खाली ठेवला. हळूच पर्स उचलली. "म्हणजे आपण एकमेकांचे कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांनी फोन ठेवला. तुम्ही एकट्याच 'या' म्हणालात."

मला भडभडून आलं. एवढ्या म्हाताऱ्या बाईला मीच आशा लावली होती, आणि आता अर्धपोटी, परकी म्हणून घरी पाठवायची? छे!

"बसा!" मी म्हणाले. "हे बघा, आमच्या ह्यांना आत्या नाही. जागा रिकामी आहे."

"आत्या म्हणजे?"

"वडिलांची बहीण. घरात तिचा शब्द कोणी खाली पडू देत नाही."

बाईंनी जरा विचार केला. "म्हणजे हा माझं ऐकणार?"

"ऐकणारच!"

"आणि तू?"

"सगळेच!" मी हौसेनं म्हणाले.

त्यांनी पर्स खाली ठेवली आणि भाजी पुन्हा वाढून घेतली.

दिनूकाका आणि डिनी दोघेही अजून बेपत्ता आहेत. पेगीआत्या मात्र दर रविवारी आमच्याकडे असतात. पोळी जाड झाली की सांगतात, पडदे कधी धुतलेस म्हणून विचारतात. परवा भाजी चाखून म्हणाल्या, "मिरची कमी घालत जा. बघ माझा मुलगा किती वाळलाय!" (माझा मुलगा!) मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "आत्याला उलट बोलायचं नाही. तूच सांगितलंयस."

माझं लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्या आळीला सांगत होती, "मुलगा अमेरिकेत आहे, पोरीला सासुरवास नाही!" पस्तीस वर्षं खरंच नव्हता. आता आहे, आणि तो माझ्यावर कोणी लादलेला नाही. फोनवर पत्ता सांगून, कुठल्या सिग्नलला वळायचं तेही समजावून, मी स्वतः आग्रहानं घरी बोलावून घेतला आहे!