गोळी उष्ण पडते

वैशालीच्या आईनं पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. अक्रोड गडगडत थेट कीबोर्डपर्यंत आले. मागून बदाम, ब्राह्मीच्या गोळ्यांची बाटली आणि कुठल्याशा मेमरी पावडरचा डबा. डब्यावर चष्मा लावलेलं पोरगं हसत होतं.

"सर, एवढं सगळं खाऊ घालते. तरी पोरीच्या डोक्यात काही राहत नाय."

"अक्रोड कोणी सांगितले?"

"मोबाईलवर आलं होतं. मेंदूसारखा दिसतो ना तो, म्हणून मेंदूला चांगला."

"ताई, कोबी तर अख्ख्या डोक्याएवढा असतो. तो देऊन बघितला का?"

वैशाली हसली. आई हसली नाही.

उस्मानपुऱ्यातल्या एका लहानशा हॉस्पिटलात मी डायटिशियन आहे. पुरुष डायटिशियन बघितला की निम्मे पेशंट मागं वळून बघतात, मॅडम कुठं आहेत म्हणून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पाटीवर डिग्री मुद्दाम मोठ्या अक्षरात रंगवून घेतलीय. तरी वडील अजून विचारतात, "लोकांना जेव म्हणायला डिग्री लागती व्हय?"

लागते. वैशालीच्या केसमध्ये तर डिग्रीही पुरली नाही.

पोरगी बारावी सायन्सला. घर दौलताबादजवळ, वडिलांच्या म्हशी, घरोघर दुधाचा रतीब. पान तीनदा वाचलं तरी मिटल्यावर कोरं. दुपारच्या लेक्चरला डोळे उघडे राहत नव्हते. युनिट टेस्टला मार्क घसरले, तेव्हा वडिलांनी निकाल लावून टाकला: प्रिलिमला असंच झालं तर कॉलेज बंद, घरी दुधाचं बघायचं. तिला फार्मसी करायची होती.

मी तिची खालची पापणी ओढून बघितली. आतून पांढरीफटक. आमच्या हॉस्पिटलच्या डॉक्टर मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन आठ.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला हमाल. ऑक्सिजनची पोती तो वाहतो. निम्मे हमाल सुट्टीवर असतील तर मेंदूच्या दारात माल पोचणार कसा? अक्रोड-बदाम वाईट नाहीत. चांगलेच आहेत. पण इथं टंचाई लोहाची होती, आणि ती अक्रोडानं भागणार नव्हती.

मॅडमनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मी डाएट चार्ट केला. बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, पालेभाजी, वर लिंबू, मधल्या वेळेला गूळ-शेंगदाणे. जेवणावर चहा बंद, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही.

"अंडं चालतं का?"

"आमच्या घरात नाय चालत," आई म्हणाली.

वैशालीनं मान खाली घातली. बाहेर चालत होतं, हे मला कळलं. मी चार्टमध्ये 'अंडं' लिहिलं आणि पुढं 'जमेल तसं'.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. आकडा जागचा हललाच नव्हता. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"चार्टमध्ये काय लिहिलं होतं तुम्ही? कविता?"

"मॅडम, चार्ट बरोबर आहे."

"मग पेशंट चूक आहे का? महिनाभर बघा. नाहीतर ॲडमिट करून सलाईनमधून आयर्न द्यावं लागेल."

बाहेर वैशालीच्या वडिलांनी यातला 'ॲडमिट' एवढा एकच शब्द ऐकला.

"ॲडमिट-बिडमिट काही नाय. बारावी गेली खड्ड्यात. बसंल घरी."

वैशालीचे डोळे भरले. मी तिघांना आत घेतलं आणि उलटतपासणी सुरू केली. चहा? बंद. भाकरी? रोज. गोळ्या?

"एक पण चुकली नाय," आई म्हणाली. रिकाम्या स्ट्रिपा पर्समधून काढून दाखवल्या. "मी सोता देते, सर. ग्लासभर दुधासंगं."

मी पेन खाली ठेवला.

"दुधासंगं कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? गोळी उष्ण पडते. पोटात जळजळ होती तिच्या. दूध थंड."

मी समजावलं. दुधात कॅल्शियम असतं. ते लोहाच्या वाटेत आडवं येतं. दोघांना एका वेळी पोटात पाठवलं की लोह बरंचसं वाया जातं. दूध प्यावं, पण गोळीसोबत नको.

"दुधानं आजवर कोणाचं वाईट झालंय?" आई.

"सर, माझ्या म्हशीच्या दुधात खोट काढता का?" वडील. "निम्मी कॉलनी पिते ते."

"दूध चांगलंच आहे, भाऊ! पण गोळीसोबत नको. पाण्यासोबत द्या."

"पाण्यानं उष्णता जाती का?"

पुन्हा पहिल्यापासून. मी कागदावर आतडं काढून दाखवलं. आई म्हणाली, चित्र छान काढता. माझी सगळी बायोकेमिस्ट्री त्या एका 'उष्ण' शब्दापुढं पालथी पडली होती.

शेवटी वडील वैतागून उठले. ऑक्टोबरचं ऊन, माझ्या खोलीतला पंखा नावाला. गमछ्यानं मान पुसत बायकोला म्हणाले, "चल गं, डोकं तापलं माझं. खाली लिंबू सरबत पिऊ, जरा थंड वाटंल."

"थांबा," मी म्हणालो. "सरबत थंड असतं ना?"

"मंग? थंडच की."

"झालं तर! गोळी लिंबाच्या पाण्यासोबत द्या. काहीतरी खाल्ल्यावर द्या, जळजळ कमी होईल. दूध रात्री झोपताना."

आईनं क्षणभर विचार केला. "हे आधीच सांगायचं ना, सर. उगा इतका वेळ भांडलात."

लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा चर्चा झाली असती.

प्रिलिमच्या आधी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. वैशाली वर्गात पहिली वगैरे आली नाही. सगळ्या विषयांत पास झाली, केमिस्ट्रीत तर चांगले मार्क पडले. वडील दुधाची किटली घेऊन हॉस्पिटलात आले. "ती जाणार म्हणते फार्मसीला. जाऊ द्या आता." मग जाता जाता, "रात्रीचं दूध लागू पडलं बघा."

मी मान हलवली. रात्रीच्या दुधाशी माझं भांडण नव्हतं.

परवा त्यांच्याच गल्लीतल्या एक बाई आल्या. सोबत नववीतली पेंगुळलेली मुलगी. बाईंनी बसायच्या आधी पिशवी टेबलावर उलटी केली.

अक्रोड.

"वैशालीच्या आईनं सांगितलं, सर. याच्यानंच पास झाली म्हणे तिची पोरगी."

मी अक्रोड गोळा करून परत पिशवीत भरले. बाईंना म्हणालो, द्या, रोज दोन द्या. मग त्या मुलीची पापणी ओढून बघितली.

आता माझ्या चार्टची पहिली ओळ ठरलेली आहे: गोळी कशासोबत घ्यायची. श्रेय कोणाला द्यायचं, त्याची ओळ मी ठेवलेली नाही.